मळ्याची राखण, तशी खात्याची राखण : संगणक सुरक्षेच्या कामातील सरत्या वर्षाचे अनुभव

ज्वारी हुरड्यात आली की आपण माळ्यावर बसून गोफणीने पाखरे राखतो. लिंबाच्या बागेला कुंपण करतो, विहिरीवरच्या मोटारीला कुलूप लावतो. परंतु त्याच ज्वारीचे, लिंबाचे आणि उसाचे पैसे बँकेत जमा झाले की ते आता सुरक्षित आहेत असे समजून आपण निश्चिंत होतो. सन २०२५ मधील अनुभवावरून ही समजूत चुकीची असल्याचे दिसून आले आहे. पैसे खात्यात आल्यानंतरही त्यांची राखण करावी लागते आणि ती खातेदारालाच करावी लागते.

प्रस्तुत लेखक मूळचा श्रीगोंदा तालुक्यातील शेतकरी कुटुंबातील असून पुण्यात संगणक व बँक व्यवहारांच्या सुरक्षेचे काम करतो. या लेखात गेल्या वर्षातील अनुभव, झालेली एक चूक आणि त्यावरून शेतकऱ्यांनी योजावयाचे उपाय यांची माहिती दिली आहे.

घरातच घडलेली घटना

पी. एम. किसान योजनेचा २० वा हप्ता २०२५ च्या उन्हाळ्यात लांबला होता. तो २ ऑगस्ट २०२५ रोजी जमा झाला. त्याआधी जून-जुलैमध्ये गावोगावी एकच चौकशी चालू होती, 'हप्ता कधी पडणार?' नेमक्या याच काळात आमच्या गावच्या व्हॉट्सॲप गटावर एक संदेश आला. हप्ता मिळण्यासाठी केवायसी पूर्ण करा, असा मजकूर त्यात होता आणि खाली योजनेच्या नावाची एक फाईल जोडलेली होती. संदेश ओळखीच्या माणसाच्या नंबरवरून आला होता.

माझ्या चुलत्यांनी, नानांनी, ती फाईल उघडली. पडद्यावर योजनेचे चित्र दिसले. त्यात आधार क्रमांक, मोबाईल क्रमांक आणि युपीआयचा पिन मागितला होता, तो त्यांनी भरला. 'माहिती जमा झाली' असे उत्तर आले. नाना समाधानाने बागेत खुरपणीला गेले. दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत खात्यातून चार वेळा मिळून ४८ हजार रुपये गेले होते. ते उन्हाळी लिंबाचे पैसे होते. त्यातून खरिपाचे खत आणि नातीची शाळेची फी भागवायची होती.

पैसे गेल्याचे सकाळी कळले, परंतु नानांनी तो दिवस आणि ती रात्र कोणालाही सांगितले नाही. तिसऱ्या दिवशी चुलतीने मला फोन केला. मी नानांना विचारले, "नाना, लगेच का नाही सांगितलं?" ते म्हणाले, "तू पुण्यात बँका राखतोस. तुझाच चुलता फसला म्हणून लोक हसतील, म्हणून गप्प राहिलो."

तक्रार केली तोपर्यंत बहुतेक रक्कम पुढे निघून गेली होती. एका खात्यात अडकलेले ९ हजार रुपये काही महिन्यांनी परत मिळाले. बाकीचे मिळाले नाहीत.

यात नानांची जेवढी चूक, तेवढीच माझीही होती. नोकरीत मी हजारो खातेदारांच्या सुरक्षेची काळजी वाहतो. सणावाराला गावी जात होतो, बागेतून फिरत होतो. पण घरातील चार मोबाईल कधी अर्धा तास हातात घेऊन पाहिले नव्हते. वर्षभरात शिकलेली ही पहिली गोष्ट होय.

चोरी आता कोठून होते?

पूर्वी मोठी चोरी बँकेच्या यंत्रणेवर होत असे. पुण्यातील कॉसमॉस सहकारी बँकेवर ११ ते १३ ऑगस्ट २०१८ या काळात असा हल्ला झाला. एटीएममधून पैसे मागितले गेले की 'द्यावेत काय?' अशी विचारणा बँकेच्या संगणकाकडे जाते. चोरांनी ही विचारणा मधल्या मध्ये वळवून खोट्या यंत्रणेकरवी 'द्यावेत' असे उत्तर देण्याची व्यवस्था केली. बनावट कार्डांच्या साहाय्याने २८ देशांतील एटीएममधून पैसे काढले गेले. परदेशातील बँकेत वळविलेल्या रकमेसह एकूण सुमारे ९४ कोटी रुपये गेले. या प्रकरणात २०२३ मध्ये पुण्याच्या न्यायालयाने ११ जणांना शिक्षा सुनावली.

अशा घटनांनंतर बँकांनी कुंपण पक्के केले. ते पूर्ण अभेद्य झाले असे नाही. जुलै २०२४ अखेर सी-एज या कंपनीच्या यंत्रणेत खंडणीखोर विषाणू शिरला. ही कंपनी लहान सहकारी व ग्रामीण बँकांना संगणक सेवा पुरविते. रोगट फांदी वेगळी करावी त्याप्रमाणे या बँकांची जोडणी राष्ट्रीय पेमेंट्स महामंडळाने तात्पुरती तोडली. त्यामुळे सुमारे ३०० लहान बँकांच्या ग्राहकांचे युपीआय व एटीएम व्यवहार एक दिवस बंद राहिले. परंतु रोग पुढे पसरला नाही.

बँकेचे कुंपण तोडणे अवघड झाल्यामुळे चोर फाटकातून येऊ लागला आहे. हे फाटक म्हणजे खातेदाराचा मोबाईल. तेथे तो कुलूप तोडत नाही, तर मालकाकडूनच किल्ली मागून घेतो. वर्षभरात प्रामुख्याने पुढील पाच प्रकार पाहण्यात आले.

१) बनावट ॲपची फाईल : नानांची फसवणूक या प्रकारे झाली. नावाच्या शेवटी 'एपीके' असलेली फाईल म्हणजे कागद नव्हे, तो प्रोग्रॅम असतो. तो उघडून परवानगी दिली की मोबाईलवर येणारे संदेश तो परस्पर चोराला पाठवतो. बँकेचा ओटीपी आपल्याला दिसण्यापूर्वी चोराला दिसतो. त्यानंतर तोच प्रोग्रॅम किंवा ताब्यात गेलेले व्हॉट्सॲप आपल्या नावाने ती फाईल गटावर आणि नातेवाइकांना धाडते. म्हणूनच संदेश ओळखीच्या नंबरवरून येतो. पाठविणारा चोर नसतो. तोही आपल्यासारखाच फसलेला असतो. हप्ता, पीक विमा, वीजबिल, वाहनाचा दंड, लग्नपत्रिका अशी नावे देऊन या फाईली पाठविल्या जातात.

२) पैसे देतो म्हणून पैसे घेणे : जुना ट्रॅक्टर, म्हैस किंवा बैलजोडी विकण्याची जाहिरात मोबाईलवर दिली की लगेच एक गिऱ्हाईक फोन करते. जनावर न पाहताच सौदा ठरविते. 'पैसे पाठवतो, हा चौकोनी कोड स्कॅन करा आणि पिन टाका' असे सांगते. येथे एकच नियम लक्षात ठेवावा. पैसे घेण्यासाठी कोड स्कॅन करावा लागत नाही आणि पिनही लागत नाही. पिन टाकला की पैसे आपल्या खात्यातून जातात. काष्टीच्या बाजारात दात न पाहता बैल घेणारे गिऱ्हाईक आपण कधी पाहिले आहे काय? तशा गिऱ्हाइकावर मोबाईलवरही विश्वास ठेवू नये.

३) योजनेचे बनावट संकेतस्थळ : सौर कृषी पंपासाठी सर्वसाधारण गटातील शेतकऱ्यास १० टक्के आणि अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्यास ५ टक्के हिस्सा भरावा लागतो, हे चोरांनाही माहीत आहे. 'आपला पंप मंजूर झाला, हिस्सा या खात्यावर भरा' असा फोन किंवा हुबेहूब दिसणारे संकेतस्थळ तयार केले जाते. कुसुम योजनेच्या नावाने अशी बनावट संकेतस्थळे निघाल्याचा इशारा केंद्र शासनाने वेळोवेळी दिला आहे. पैसे भरण्यापूर्वी महावितरणच्या कार्यालयात प्रत्यक्ष जाऊन खात्री करावी.

४) अंगठ्याचा गैरवापर : आधारशी जोडलेल्या खात्यातून अंगठा लावून पैसे काढता येतात. त्यासाठी ओटीपी किंवा पिन लागत नाही. वृद्धांची व दूरच्या गावांची यामुळे सोय झाली आहे. मात्र दस्तऐवजांवरील ठशांच्या नकला करून पैसे काढल्याचे प्रकार काही राज्यांत उघडकीस आले आहेत. तसेच 'पहिला अंगठा उमटला नाही, पुन्हा लावा' असे सांगून दोनदा पैसे काढले जाण्याचा धोका असतो. दर वेळी छापील पावती घ्यावी.

५) फोनवरून 'अटक' : पोलिसाच्या वेशातील माणूस व्हिडिओ कॉल करतो. 'तुमच्या आधारवर गुन्हा दाखल आहे, फोन बंद करू नका, पैसे भरा' असे धमकावतो. फोनवरून अटक करण्याची कोणतीही तरतूद भारतीय कायद्यात नाही. पंतप्रधानांनीही २७ ऑक्टोबर २०२४ रोजीच्या 'मन की बात' मधून याविषयी सावध केले होते. असा फोन आल्यास एक शब्दही न बोलता बंद करावा.

अर्ध्या तासाची मशागत

दिवाळीत गावी गेलो तेव्हा मंदिराच्या पारावर वीस-बावीस जणांना जमवून प्रत्येकाचा मोबाईल तपासला. बहुतेकांना एका मोबाईलला अर्धा तास पुरला. आपणही घरातील जाणत्या मुलाला किंवा मुलीला शेजारी बसवून पुढील कामे करून घ्यावीत.

(अ) मोबाईलच्या सेटिंगमध्ये 'अनोळखी ठिकाणाहून ॲप घेणे' ही परवानगी सर्वत्र बंद करावी. कोणतेही ॲप फक्त प्ले स्टोअरमधूनच घ्यावे. प्ले स्टोअरमधील 'प्ले प्रोटेक्ट' चालू ठेवावे.

(ब) व्हॉट्सॲपमध्ये फाईली आपोआप उतरविणे बंद करावे आणि दुहेरी पडताळणीचा सहा अंकी पिन लावावा. गावच्या किंवा सोसायटीच्या माहिती-गटावर फक्त गटप्रमुखासच संदेश टाकता येईल अशी व्यवस्था करावी.

(क) खाती दोन ठेवावीत. मुख्य खात्यात उसाचे, लिंबाचे, कांद्याचे पैसे ठेवावेत आणि ते युपीआयला जोडू नये. रोजच्या व्यवहाराच्या लहान खात्यात महिन्याच्या खर्चापुरती रक्कम ठेवून तेवढेच मोबाईलला जोडावे. सर्व बियाणे एकाच कणगीत ठेवू नये, तसेच हे आहे. या एकाच उपायाने नानांचे बहुतेक पैसे वाचले असते.

(ड) युपीआय व एटीएमची दैनिक मर्यादा बँकेत सांगून कमी करून घ्यावी.

(इ) आधारच्या अधिकृत ॲपवरून किंवा संकेतस्थळावरून अंगठ्याचे ठसे कुलूपबंद करता येतात. लागेल तेव्हा कुलूप थोडा वेळ उघडता येते. जे अंगठा लावून पैसे काढत नाहीत, त्यांनी हे अवश्य करावे. आधारविषयक माहितीसाठी १९४७ हा निःशुल्क क्रमांक आहे. आधारची प्रत देताना, चालत असेल तेथे, पहिले आठ अंक झाकलेली प्रत द्यावी.

(ई) पिन मोबाईलच्या कव्हरवर, पासबुकावर किंवा भिंतीवर लिहू नये. पारावर तपासलेल्या मोबाईलपैकी पाच जणांच्या कव्हरमध्ये पिनची चिठ्ठी आढळली.

बँकेचे संकेतस्थळ ओळखण्याची एक खूण २०२५ मध्ये उपलब्ध झाली. रिझर्व्ह बँकेच्या सूचनेनुसार बँकांना आपले पत्ते 'डॉट बँक डॉट इन' या शेवटाचे करावे लागले असून त्यासाठी ३१ ऑक्टोबर २०२५ ही मुदत होती. हा शेवट फक्त बँकांनाच मिळतो. तसेच बँकांच्या सेवाविषयक फोनसाठी १६०० ने सुरू होणारे क्रमांक ठरविण्यात आले आहेत. साध्या दहा आकडी मोबाईलवरून 'बँकेतून बोलतोय' असे कोणी म्हणाल्यास फोन बंद करून स्वतः शाखेत चौकशी करावी.

पैसे गेल्यास पहिला तास

रोग दिसताच फवारणी केली तर पीक वाचते, आठवड्याने केली तर औषधही वाया जाते. येथेही तसेच आहे. चोरलेले पैसे आधी एका खात्यात, तेथून चार-पाच खात्यांत आणि शेवटी रोखीने निघून जातात. हा प्रवास काही मिनिटांत किंवा तासांत होतो. केंद्रीय गृहमंत्रालयाच्या व्यवस्थेनुसार १९३० या क्रमांकावर तक्रार नोंदली की पैसे ज्या बँकेत पोचले असतील तिला कळविले जाते आणि तेथे शिल्लक असलेली रक्कम रोखली जाते. शिल्लक असेल तरच ती रोखता येते. म्हणून पुढील क्रम पाठ करावा.

१) मोबाईलचे इंटरनेट ताबडतोब बंद करावे. फाईल किंवा संदेश पुसू नयेत, ते पुराव्यासाठी लागतात.
२) दुसऱ्याच्या मोबाईलवरून १९३० ला फोन करावा. खाते क्रमांक, गेलेली रक्कम, वेळ आणि व्यवहार क्रमांक तयार ठेवावा. फोन न लागल्यास 'सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन' या शासकीय संकेतस्थळावर तक्रार नोंदवावी.
३) बँकेला कळवून कार्ड, युपीआय व मोबाईल बँकिंग बंद करावे. तक्रारीची पोच लेखी घ्यावी.
४) तक्रार क्रमांक घेऊन जवळच्या पोलीस ठाण्यात जावे.
५) पुरावा टिपून झाल्यावर मोबाईल पूर्ण पुसून पुन्हा सुरू करावा. सर्व पिन दुसऱ्या मोबाईलवरून बदलावेत.

रिझर्व्ह बँकेने २०१७ मध्ये परिपत्रके काढून नुकसान कोणी सोसावयाचे याचे तत्त्व घालून दिले. चूक बँकेची असेल तर ग्राहकावर भार नाही. चूक बँकेची नाही आणि ग्राहकाचीही नाही, अशा वेळी तीन कामकाजाच्या दिवसांत कळविल्यास ग्राहकावर भार नाही. ग्राहकाने स्वतः पिन किंवा ओटीपी दिला असेल तर कळवीपर्यंतचे नुकसान त्याचे. मात्र कळविल्यानंतर होणारे नुकसान बँकेचे. म्हणजे चूक आपली असली तरी लवकर सांगण्याने फायदाच होतो.

खाते भाड्याने देऊ नका

या वर्षी सर्वांत जास्त अस्वस्थ करणारी गोष्ट म्हणजे चोरीचे पैसे फिरविण्यासाठी वापरली जाणारी खाती. ती बहुधा चोरांची नसतात. गरजू मजूर, विद्यार्थी आणि बेरोजगार तरुण यांना दोन-चार हजार रुपये देऊन त्यांच्या नावाने खाते उघडले जाते. पासबुक, कार्ड व सिम चोर घेऊन जातो. पोलीस मात्र ज्याच्या नावाने खाते आहे त्याच्याच दारात येतात. आपल्या मुलांना हे स्पष्ट सांगावे. सातबारा जसा कोणाच्या हवाली करत नाही, तसे खाते आणि सिमही करू नये.

सोसायटी, दूध संस्था व उत्पादक कंपन्यांसाठी

अमेरिकेतील आयोवा राज्यात शेतकऱ्यांची एक मोठी धान्य सहकारी संस्था आहे. सप्टेंबर २०२१ मध्ये, ऐन सुगीच्या तोंडावर, तिचे संगणक खंडणीखोरांनी बंद पाडले. धान्य घेण्याचे व पशुखाद्य पोचविण्याचे काम पर्यायी मार्गांनी चालवावे लागले. आपल्याकडेही जून २०१७ मध्ये एका जागतिक विषाणूमुळे न्हावाशेवा बंदरातील एका कंटेनर टर्मिनलचे काम विस्कळीत झाले होते. द्राक्ष आणि कांदा याच बंदरातून परदेशी जातो. म्हणून संस्थांनी पुढील काळजी घ्यावी.

दूध संकलनाच्या व खतावणीच्या नोंदींची प्रत दर आठवड्यास वेगळ्या डिस्कवर घ्यावी आणि ती डिस्क संगणकापासून काढून कपाटात ठेवावी. प्रत खरोखर उघडते की नाही हे महिन्यातून एकदा तपासावे. मोठी रक्कम पाठविताना दोन जणांची मंजुरी असावी. 'आमचे बँक खाते बदलले आहे' असे पत्र व्यापाऱ्याकडून आल्यास जुन्या ओळखीच्या क्रमांकावर फोन करून खात्री करावी. विंडोज १० या प्रणालीची नियमित दुरुस्ती १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली आहे, त्यामुळे तशा संगणकांवर बँकेचे व्यवहार करण्याचे टाळावे.

समारोप

वर्षाच्या शेवटी हिशेब मांडला तेव्हा एक गोष्ट स्पष्ट झाली. आमच्या क्षेत्रात महागडी यंत्रे आहेत, परंतु नानांचे पैसे बुडण्यास कारणीभूत ठरला तो लाजेमुळे गेलेला दीड-दोन दिवसांचा वेळ. टोळधाड आली की गाव ताटे वाजवत बाहेर येते. कोणी आपल्या शेतात टोळ उतरले म्हणून लपवीत नाही. फसवणूकही तशीच उघडपणे सांगितली पाहिजे. एकाने सांगितले तर दहा जणांचे पैसे वाचतात.

दिवाळीच्या त्या बैठकीत सुरुवातीला कोणी बोलत नव्हते. नानाच उभे राहिले आणि म्हणाले, "माझे अठ्ठेचाळीस हजार गेले. कसे गेले ते सांगतो." त्यानंतर आणखी तिघांनी आपले अनुभव सांगितले. त्यांपैकी दोघांनी घरीही सांगितले नव्हते. त्या बैठकीनंतर, डिसेंबरमध्ये, वीजबिलाच्या नावाची तशीच एक फाईल गावच्या गटावर आली. ती कोणी उघडण्यापूर्वी नानांनी गटप्रमुखास फोन करून काढून टाकावयास लावली.

शेतकरी बंधूंनो, या आठवड्यात घरातील प्रत्येक मोबाईलसाठी अर्धा तास काढा. १९३० हा क्रमांक घराच्या दाराच्या आतील बाजूस खडूने लिहून ठेवा. आणि घरातील वडीलधाऱ्यांना आजच सांगून ठेवा, 'काही चुकलं तर लगेच सांगा, कोणी रागावणार नाही.' वरील उपायांचा अवलंब केल्यास घामाच्या पैशाची राखण निश्चितच चांगली होईल.